चेंबर उघडता येत नव्हतं

९ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे अजून सगळंच संपलेलं नाही असं धरून चालते. ई-मेल तू वाचत नाहीस, फोन उचलत नाहीस. राहिला कागद. तो फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

आधी आईचं. ती आता माझ्याकडेच असते. जिन्यात पाय घसरला. हाड वाचलं, पण एकटीनं राहायचा धीर गेला. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिचा पलंग टाकलाय. समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो आणि त्याच्या शेजारी, त्याच मापाच्या फ्रेममध्ये, तुझ्या प्रयोगाचं चित्र असलेलं ते मासिकाचं मुखपृष्ठ. येईल त्याला ती ते समजावून सांगते, आणि आपल्या दोघांपेक्षा बरं सांगते. "ही वरची काच तापलेली, ही खालची थंडगार. दोघींवर पातळ पातळ थर चढवलेत. मधली फट केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी, पण काचा टेकत नाहीत हं एकमेकींना! इतक्या जवळ आणल्या की उष्णता नेहमीच्या शेकडो पट पलीकडे जाते. ते माझ्या मुलानं मोजलंय." मग समोरचं माणूस विचारतं, मोजून काय करायचं? "वाया जाणाऱ्या उष्णतेची उद्या वीज करता येईल," असं म्हणून आई माझ्याकडे बघते, मी हो म्हणावं म्हणून. मी हो म्हणते.

परवा बाबांचा हत्यारांचा डबा आवरला. तुला आठवतं, तुझ्या त्या सेन्सरची तार निसटली होती ते वर्ष? दोन काचांमधलं अंतर सांगणारा तो एवढासा सेन्सर. "तो गेला की चेंबर उघडायचं, ताई, दुसरा इलाजच नाही," म्हणत तू रडवेला होऊन घरी आला होतास. काचा ठेवलेली ती हवाबंद पेटी, ते चेंबर, गरम होऊ दे, उघडू दे, तार जोडू दे, पुन्हा आतली हवा काढू दे, पुन्हा थंड होऊ दे. चांगला महिना गेला. तुला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बाबांनी तुला दुरुस्तीच्या कामावर बरोबर नेलं आणि लोकांचे फ्रिज उचलायला लावले. "पोरांनो, तुम्ही उष्णता इकडची तिकडे करता, मीही तेच करतो. फरक एवढाच की मला गिऱ्हाईक आहे." किती हसलो होतो आपण त्यावर.

आता कामाचं. तुझ्या त्या मोजमापाच्या मूळ फाइल्स मला हव्यात. छापलेले आलेख नकोत. यंत्रातून निघाल्या तशा, सगळे कॉलम असलेल्या. विशेष काही नाही. किती उष्णता जाईल ते काढणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमची झाडलोट काढलीय, जुन्या आकड्यांवर ताडून बघावं म्हणते.

ताई

२ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज खाली जाऊन पेटी उघडून बघते. वॉचमन आता मला लांबूनच हातानं 'नाही' म्हणून खूण करतो.

झाडलोट वगैरे लिहिलं ते पूर्ण खरं नव्हतं. दूरच्या एका प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी जानेवारीत मला विचारलं होतं: तुमच्या प्रोग्रॅममध्ये दोन काचांची अदलाबदल केली, वरची खाली आणि खालची वर, तर उत्तर बदलतं. असं का? आता असं होताच कामा नये. कुठली काच वर आहे आणि कुठली खाली, याच्याशी उष्णतेला काय देणंघेणं? मला वाटलं, यांनीच काहीतरी घोळ घातलाय. तसं फणकाऱ्यानं कळवूनही टाकलं. माझा स्वभाव तुला नव्यानं सांगायला नको.

मग स्वतः करून बघितलं. घोळ माझाच निघाला.

प्रोग्रॅमनं काचेवरचे थर फटीच्या बाजूनं आत वाचत जायचे. वरच्या काचेचे तो तसेच वाचतो. खालच्या काचेचे मात्र तळाकडून फटीकडे वाचतो, म्हणजे उलटे. जो थर फटीला लागून आहे तो सगळ्यांत खाली गेला आणि तळातला वर आला. एवढ्या बारीक फटीत तर फटीला लागून असलेला थरच सगळं ठरवतो. त्यामुळे उत्तर खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट येतं.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण मी चाचणी घेतली ती काच, धातू, काच अशा थरांवर. सरळ वाचा नाहीतर उलट वाचा, सारखंच. बाकीची मंडळी एकाच थरावर काम करतात, तिथे सरळ-उलट हा प्रश्नच नाही. खालच्या काचेवर तीन वेगवेगळे थर चढवणारा पहिला माणूस तू.

दुरुस्ती एका दुपारचं काम होतं. केली, उठले, आईला चहा दिला, माझा कप घेऊन तिच्याशेजारी बसले. समोर भिंतीवर तुझं चित्र. आणि मनात पाल चुकचुकली.

त्याबद्दल आत्ता नाही लिहीत. फाइल्स पाठव.

ताई

१९ मार्च

धाकट्या,

आता आडपडदा नको.

तुझ्या लेखात स्वच्छ लिहिलंय की काचांमधलं अंतर सेन्सरनं, स्वतंत्रपणे मोजलं. त्या त्या अंतराला किती उष्णता जायला हवी ते माझ्या प्रोग्रॅमनं काढलं, आणि तुझे मोजलेले ठिपके माझ्या रेषेवर जाऊन बसले. एकही ठिपका इकडे नाही की तिकडे नाही. त्या आलेखानं तुझं नाव झालं, माझंही झालं. लोक अजून तो आलेख दाखवून शिकवतात.

पण ती रेषाच चुकीची होती, बाळा. खऱ्या काचांना माझा प्रोग्रॅम काय ठाऊक! त्यांनी द्यायची तेवढीच उष्णता दिली असती, ठिपके माझ्या रेषेच्या निम्म्यावर पडले असते, आणि तू मला फोन करून ओरडला असतास, "ताई, तुझं गणित साफ गंडलंय!" तुला केवढा आनंद झाला असता. तू ओरडला नाहीस. मग माझी चूक तुझ्या मोजमापात आली कुठून?

सहावीत तू माझ्या जुन्या वहीतून गणितं उतरवली होतीस. एका ठिकाणी माझ्या हातून सातचा एक झाला होता, तुझ्याही वहीत तिथे एक. मास्तर म्हणाले होते, "चूकसुद्धा घरूनच आणलीस का रे?" आठवडाभर तुला सगळे त्यावरून चिडवत होते. परवा ते आठवलं, पण हसू आलं नाही.

मला एकच वाट दिसते. तू अंतर मोजलंच नाहीस. उष्णता मोजलीस आणि माझ्या प्रोग्रॅमला विचारलंस, एवढी उष्णता असेल तर फट केवढी? त्यानं सांगितली ती लिहून घेतलीस. मग त्या फटीला पुन्हा त्याच प्रोग्रॅमला विचारलंस, उष्णता किती? ठिपके रेषेवर बसतील नाहीतर जातील कुठे!

हे मी कुणापाशी बोललेले नाही. तुझी प्रयोगशाळा, तुझ्या हाताखालची माणसं, या आकड्यावर उभं राहत असलेलं ते नवं केंद्र, सगळ्याचा विचार येतो. पण मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते ती वेगळ्याच गोष्टीपाशी. बाबा गेले ते याच मोजमापाच्या दिवसांत. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी तुला फोन केला होता, "डॉक्टर म्हणतात, मुलाला बोलावून घ्या." तू म्हणालास, "ताई, चेंबर उघडता येत नाही. मधेच उघडलं तर सगळं फुकट जाईल." आणि मी म्हणाले, "मग येऊच नकोस. बस तुझ्या चेंबरला कवटाळून." रागाच्या भरात बोलले. तू ते अक्षरशः पाळलंस. बाबा गेल्यावरही आला नाहीस आणि त्यानंतरही कधी नाही.

मी तुला माफ केलं नव्हतं. आईनं केलं. बाबा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते, ते तिनं बघितलंय, आणि तरी केलं, ते या मोजमापाच्या जोरावर. मुलगा आला नाही, पण त्याच्या हातून केवढं मोठं काम झालं! ती यावर जगतेय. ते मोजमाप खरं असू दे, एवढंच मला हवंय. मला खोटी ठरव, मूर्ख ठरव, फक्त फाइल्स पाठव.

ताई

४ एप्रिल

धाकट्या,

एक आशा सापडलीय! घाईघाईनं लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

समजा, तुझ्या खालच्या काचेवर थर खरोखरच उलट्या क्रमानं चढवले गेले असतील तर? कोटिंगच्या यंत्रात साहित्याच्या मुशी एका रांगेत असतात. कुणी पहिलीच्या जागी शेवटची लावली असेल. होतं असं. मग माझा प्रोग्रॅम उलटा वाचत होता आणि काचही उलटी होती, म्हणजे माझं उत्तर चुकून बरोबर! ठिपके रेषेवर बसले ते प्रामाणिकपणे बसले. तू अंतर मोजलं होतंस, बाबांच्या वेळी चेंबर खरंच उघडता येत नव्हतं, आणि मी एक संशयी, तोंडाळ बहीण, इतकंच.

हे सुचलं तेव्हा मी बसमध्ये होते. दोन थांबे पुढे गेले, कळलंच नाही. त्या संध्याकाळी आईबरोबर पत्ते खेळले आणि हरले, तरी मी गुणगुणत होते म्हणे. आईनं विचारलं, "धाकट्याचा फोन आला वाटतं?"

तुझ्या काचांना थर चढवणाऱ्या बाई आता नोकरीत नाहीत, पण त्यांचा पत्ता काढलाय. उद्या जाते.

ताई

६ एप्रिल

जाऊन आले.

बाईंनी प्रेमानं बसवलं, तुझी चौकशी केली. मी विचारलं, क्रम उलटा झाला असण्याची काही शक्यता? त्या म्हणाल्या, "नाही हो. मधल्या थराखालचा जो आहे ना, तो पाण्यात टिकत नाही. तो वर आला असता तर काच धुतली तेव्हाच गेला असता वाहून. माझ्याच हातानं धुतल्यात त्या काचा." मी विचारलं, त्या काचा आता कुठे असतील? जपून ठेवल्यात का? त्या म्हणाल्या, "छे! घासून पुन्हा वापरल्या की. नव्या काचा काय रोज कोण देतंय!"

म्हणजे पुन्हा मोजायलाही काही उरलेलं नाही. मधे खरी फट किती होती, काचा कुठेतरी एकमेकींना टेकल्या होत्या का, हे आता कुणालाच कधी कळायचं नाही.

तू एकट्यानं हे सांभाळत बसला असशील तर बोल रे माझ्याशी. मी मोठी आहे तुझ्याहून.

ताई

२१ एप्रिल

धाकट्या,

फाइल्स मिळाल्या. 'ताई' नाही, 'कशी आहेस' नाही, नुसत्या फाइल्स. तरी पाठवल्यास. सेन्सरचा कॉलम तू पुसून पाठवू शकला असतास. पुसला नाहीस, हे माझ्या ध्यानात आलंय.

सुरुवातीला त्या कॉलममधले आकडे हलताना दिसतात. थोडे वर, थोडे खाली, जसे हलायला हवेत तसे. मग एका दुपारी शून्य. पुढच्या ओळीत शून्य, त्याच्या पुढच्या ओळीत शून्य, आणि मी खाली खाली जात राहिले तसं शेवटपर्यंत शून्यच. लेखातले सगळे ठिपके या शून्यांच्या काळातले आहेत.

मग तारीख बघितली. मी दवाखान्याच्या जिन्यातून तुला फोन केला, त्याच्या आदल्या दिवशीची.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

सेन्सर गेला की चेंबर उघडायचं, दुसरा इलाजच नाही. हे मी सांगत नाहीये, हे तुझं म्हणणं. मी फोन केला तेव्हा सेन्सर गेलेला होता. चेंबर उघडायलाच हवं होतं. उघडलं असतंस तर महिनाभर तुला काही काम नव्हतं. तू आला असतास. बाबांच्या उशाशी बसला असतास, ते गेल्यावर आईपाशी राहिला असतास, परत जाऊन तार जोडली असतीस आणि मोजमाप नव्यानं केलं असतंस. खरं मोजमाप. माझी चूक तेव्हाच उघडी पडली असती, तू फोनवर ओरडला असतास आणि आपण भांडलो असतो, नेहमीसारखे. एक चेंबर उघडलं असतंस तर दोन्ही मिळालं असतं रे. बाबाही आणि कामही. तू उघडलं नाहीस आणि दोन्ही घालवलंस.

का, हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला विचारते. दुसरी कुठली प्रयोगशाळा पुढे जाईल म्हणून घाबरलास? की बाबांना तशा अवस्थेत बघायची छाती झाली नाही आणि चेंबर हे निमित्त मिळालं? दुसरं असेल तर मला समजतं. मीही त्या खोलीत जाण्याआधी दर वेळी जिन्यात थोडी थांबत होते. पण तसं सांगायचं होतंस. "ताई, मला भीती वाटते," एवढं म्हणाला असतास तर मी तुला कान धरून आणलं असतं, आणि तू आला असतास.

दुरुस्तीची सूचना मला द्यावीच लागेल. मी गप्प बसले तरी ते दूरचे गृहस्थ बसणार नाहीत. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम मी त्यांना तेव्हाच पाठवला होता, आणि तुझा आलेख त्यांच्यापाशी आहेच. आज ना उद्या ते दोन्ही शेजारी ठेवतील. मेच्या पहिल्या आठवड्यात मी ती जाहीर करते. त्याआधी तू आपणहून लेख मागे घे. दुसऱ्यानं ओढून काढण्यापेक्षा ते बरं. याहून तुझ्यासाठी मला काही करता येत नाही. बसून खूप विचार केला, नाही येत.

ताई

१४ मे

धाकट्या,

तू लेख मागे घेतलास ते वाचलं. दोनच वाक्यं आहेत, नीट लिहिलीत. नवं केंद्र आता होणार नाही असंही कळलं. तुझी जागा राहते की जाते ते मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं कोणाला? ज्यांना मी विचारलं असतं ते हल्ली मला बघून रस्ता बदलतात. भावाला बुडवणारी बहीण म्हणून.

आणि आज तुझं पाकीट आलं. वॉचमन ते हातात घेऊन जिन्यापर्यंत वर आला, इतकं त्यालाही नवल. मी तिथेच उभ्या उभ्या उघडलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर. एकच ओळ:

"ताई, आईला सांगू नकोस."

नाही सांगितलं. नाही सांगणार. तुझ्यासाठी म्हणत असशील तर तसं समज, पण तू लिहिलं नसतंस तरी मी सांगितलं नसतं. चित्र भिंतीवर आहे. काल मी त्याची काच पुसली.

'आता तरी ये' असं या पत्रात लिहायचं ठरवलं होतं. पहिलं वाक्य तेच लिहून झालं होतं, मग तो कागद फाडला. तू आलास तर आई काय करील, माहितेय? तुझा हात धरून तुला त्या चित्रासमोर नेईल आणि म्हणेल, "आता तू सांग बघू, मी बरोबर सांगते का." तुला ते तिच्यासमोर उभं राहून सांगावं लागेल, शेजारी बाबांचा फोटो. तुला जमायचं नाही. तिथेच सगळं उघडं पडेल, आणि तिच्याकडे एवढंच तर उरलंय. म्हणून ये म्हणत नाही. ती असेपर्यंत तुला इथे येता यायचं नाही, आणि ती गेल्यावर येऊन करायचं काय?

तब्येत सांभाळ. खात जा वेळेवर.

सकाळी आईच्या गुडघ्यांना व्यायाम द्यायला नवी मुलगी आली होती. बोलकी आहे. आईचं चित्र समजावून झालं, तशी शेजारच्या फोटोकडे बघून तिनं विचारलं, "आजी, हे तुमचे यजमान का? आणि मुलगा होता ना जवळ शेवटी?"

आई म्हणाली, "नाही गं, येता नाही आलं त्याला. चेंबर उघडता येत नव्हतं. मधेच उघडलं तर सगळं फुकट गेलं असतं." आणि माझ्याकडे बघितलं.

मी हो म्हटलं.

ताई